बँक देते तेवढं कर्ज घ्यावं का?

"बँक म्हणते, एवढं कर्ज सहज मिळेल. मग मला रात्रीची झोप का लागत नाही?" घर घ्यायच्या तयारीत असलेली एक जण हा प्रश्न घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा-बायको दोघंही कमावते, डोक्यावर दुसरं कर्ज नाही, घरही जवळपास पसंत पडलेलं. नवऱ्याला घाई होती, कारण थांबलो तर किमती हाताबाहेर जातील ही धास्ती. हिला वाटत होतं, आपणच उगाच घाबरतोय.

अशा माणसाला "चांगला विचार करा" म्हणून परत पाठवणं मला पटत नाही. बहुतेक वेळा त्या भीतीच्या मुळाशी एखादा राहून गेलेला हिशेब असतो.

पुढच्या वेळी दोघंही आले. मी कर्जफेडीचा तक्ता समोर ठेवला. ९ टक्के दर आणि २० वर्षांची मुदत धरली, तर पहिल्या हप्त्यातला सुमारे ८३ टक्के भाग व्याजातच जातो आणि मुद्दल निम्म्यावर यायला जवळजवळ १४ वर्षं लागतात. हे त्याला नवीन होतं. मुदत १५ वर्षं केली की हप्ता १३ टक्क्यांच्या आसपास वाढतो, पण एकूण व्याज २९ टक्क्यांनी कमी होतं. "म्हणजे जास्त हप्ता घेतलेला बरा," तो लगेच म्हणाला. झेपला तर बराच. पण झेपेल का, हे बँक कसं सांगणार? तिच्यापुढे तुमचा पगार असतो आणि चालू कर्जं असतात. घरातलं बाकीचं तिला दिसत नाही.

म्हणून त्यांना सांगितलं, हप्ता आजपासूनच सुरू झालाय असं धरा. हप्ता, देखभाल, कर, विमा यांची बेरीज करा, त्यातून आत्ताचं भाडं वजा करा आणि उरलेली रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. त्याला हात लावायचा नाही.

दोन महिने सुरळीत गेले. तिसऱ्या महिन्यात त्या खात्यातून पैसे निघाले.

"मीच काढले," तो खाली मान घालून म्हणाला. धाकट्या भावाची फी तो दर सहा महिन्यांनी भरत होता. बायकोला कधी बोलला नव्हता.

"मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का रे?"

त्या दिवशी घराचा विषय आम्ही बाजूलाच ठेवला. हे बोललो तर घराचं स्वप्न लहान करावं लागेल, या भीतीने तो गप्प राहिला होता. आणि तिला नेमकं काय ते कळत नसलं, तरी काहीतरी जुळत नाहीये हे जाणवत होतं. तिची झोप उडाली होती ती यामुळे. तिला भित्री म्हणणं अन्यायाचंच ठरलं असतं.

नंतर दोघांनी मिळून सगळ्या जबाबदाऱ्या कागदावर मांडल्या. भावाची फी आली, तिच्या आईची औषधंही आली. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून मगच सुरुवातीला भरायची रक्कम ठरवली. ते घर सोडून दिलं आणि आता जरा लहान घर बघतायत.

तुम्हीही असा हप्ता भरण्याचा सराव केलात आणि तो मध्येच मोडला, तर घराचा विचार सोडू नका. कोणत्या महिन्यात मोडला, कशापायी मोडला, ते लिहून ठेवा. तो खर्च पुन्हा येणारा असेल, तर दरमहा त्याचा जेवढा वाटा पडतो तेवढा ठरवलेल्या हप्त्यातून कमी करा, आणि तो आकडा घेऊन बँकेत जा.