गाळलेली नाही, आंबवलेली

मागच्या अंकात आमच्या इंदूरच्या लहानशा ब्रुअरीवर, म्हणजे बिअर करायच्या जागेवर, दोन पानं छापून आली आणि त्यानंतर पत्रं यायला लागली. कुणी कौतुक केलंय, कुणी रागावलंय, दोघातिघांनी थेट रेसिपी मागितली आहे. संपादकांनी सगळी पत्रं माझ्याकडे पाठवली आणि उत्तरं मीच द्यावीत असं सुचवलं. ब्रुअरीला जूनमध्ये तीन वर्षं पूर्ण झाली. त्याआधी बारा वर्षं मी पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात फर्मेंटर (आंबवण्याच्या टाक्या) सांभाळत होते, त्यामुळे उत्तरांत थोडं तंत्र येणारच.

ताई, आमच्या गल्लीत तुमच्या जागेला सगळे 'भट्टी'च म्हणतात. भट्टी आणि ब्रुअरीत नेमका फरक काय? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

भट्टीवर दारू गाळतात. म्हणजे आंबवलेला द्रव तापवून त्याची वाफ धरायची, ती थंड करून थेंब थेंब जमवायचे. मोहाची दारू अशीच निघते. बिअर गाळत नाहीत. ती आंबली, मुरली की तयार. म्हणून आमच्याकडे अल्कोहोल साडेचार-पाच टक्के असतं, गाळलेल्या दारूत चाळीसच्या आसपास.

बाकी सगळं तुमच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. आजी नातवंडासाठी नाचणीला मोड आणायची, सावलीत वाळवायची, भाजून दळायची. त्या सत्त्वात आणि आमच्या माल्टमध्ये तत्त्व एकच. फक्त धान्य मुख्यतः बार्ली असतं. भरडलेलं माल्ट 66 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं (याला मॅश म्हणतात) की मोडातली विकरं पिठाची साखर करतात. तो गोड रस चोथ्यापासून वेगळा करून हॉप्सबरोबर तासभर उकळायचा. (इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांनाच उकळतं.) हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, मेथीसारखी कडू. आपल्या देशात ती लाहौलच्या खोऱ्यात होतात. मग रस वीस अंशांपर्यंत थंड करायचा आणि यीस्ट घालायचं. यीस्ट हे आमचं विरजण. मागच्या घाण्याचं तळाशी बसलेलं यीस्ट पुढच्या घाण्याला लावतो, अगदी कालच्या दह्याचं आज लावावं तसं. सहा-सात वेळा लावून झालं की पुन्हा ताजं आणतो.

सुरुवातीच्या वर्षांत कोणत्या कल्पनांवर ब्रुअरी उभी राहिली? त्यातल्या किती टिकल्या? (वाचक, रामबाग, इंदूर)

या प्रश्नाचं उत्तर लांबेल, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मी आणि माझी भागीदार सुरुवातीला ज्या कल्पना घेऊन आलो त्या जवळजवळ सगळ्या बाहेरच्या होत्या. अमेरिकेत जशी कडक कडू पेल एल (फिकट रंगाची एक बिअर) करतात तशीच करायची, आठ नळांवर आठ प्रकार ठेवायचे, आणि पाणी सगळं आरओचं वापरायचं म्हणजे चव आपल्या हातात. आज यातली एकही कल्पना जशीच्या तशी उरलेली नाही.

सगळ्यात आधी कडूपणा गेला. इंदूरचा माणूस बिअरबरोबर काय खातो? लसणाची सेव, तिखट शेंगदाणे, वरून जीरावण मसाला. हॉप्सचा कडूपणा आणि फसफसणारा वायू, दोन्ही मिरचीची आग वाढवतात. लोक दोन घोट घ्यायचे, तोंड भाजल्यासारखं करायचे आणि पाणी मागायचे. आम्ही महिनाभर समजत राहिलो की लोकांना अजून सवय नाही. मग एका संध्याकाळी मी स्वतः सेवेची वाटी घेऊन बसले आणि माझंही तोंड पोळलं. चूक लोकांची नव्हती. त्या दिवसापासून आमची मुख्य बिअर गव्हाची, कमी कडू, थोडी केळ्या-लवंगेच्या वासाची. तो वास त्या जातीच्या यीस्टमधून येतो, आम्ही केळं किंवा लवंग घालत नाही.

पाण्याची गोष्ट मला अजून बोचते. इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून येतंय, जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, घाट चढवून. आमच्या वाट्याला थोडं ते, थोडं बोअरिंगचं. आम्ही सगळंच आरओमधून काढायचो आणि जेवढं वापरायचो जवळजवळ तेवढंच नालीत सोडायचो. पहिल्या मे महिन्यात मागच्या गल्लीत टँकर आला. बायका हंडे, बादल्या घेऊन रांगेत उभ्या, आणि त्यांच्या पायाजवळून आमचं टाकाऊ पाणी वाहतंय. भागीदार आणि मी दारात उभ्या राहून ते बघत होतो. आम्ही दोघीही काही बोललो नाही. आरओचा वापर त्याच आठवड्यात आवरला.

मग पुस्तकांतलं जे वाचलं होतं ते पहिल्यांदा खरं समजलं. इंग्लंडमधल्या ट्रेंट नदीकाठच्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथली पेल एल नावाजली. पिल्झेनचं पाणी अगदी मऊ, म्हणून 1842 मध्ये योझेफ ग्रोलने तिथे सोनेरी लागर (थंडाव्यात मुरवलेली बिअर) केली. डब्लिनचं पाणी चुनखडीचं, तिथे काळी बिअर रुजली, कारण भाजलेलं माल्ट आंबट असतं आणि पाण्याचा अल्कधर्मीपणा (आंबटाच्या उलट गुण) मारतं. त्या लोकांनी पाणी बदललं नाही, पाण्याला जमेल ती बिअर केली. आता आम्ही नर्मदेचं पाणी कोळशाच्या गाळणीतून काढून गव्हाच्या बिअरला वापरतो. गाळणी नसेल तर क्लोरीनमुळे बिअरला दवाखान्यासारखा वास येतो. बोअरिंगचं जड पाणी काळ्या बिअरला जातं. रस थंड करताना जे पाणी गरम होतं ते पुढच्या घाण्याच्या मॅशला, टाकी शेवटच्यांदा खंगाळलेलं पाणी दुसऱ्या टाकीच्या पहिल्या धुण्याला. पहिल्या वर्षी एक लिटर बिअरमागे नऊ लिटर पाणी जायचं. आता सहाच्या आत आलंय. अजून खाली यायला हवं.

ज्वारी ही मात्र आमची स्वतःची कल्पना, आणि तिनेच सगळ्यात जास्त रडवलं. 'मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर' म्हणतात, त्या मातीत एकेकाळी ज्वारी खूप होती. आता खरिपात बघाल तिकडे सोयाबीन. माझी आजी उन्हाळ्यात ज्वारीची आंबील करायची, तिची ती आंबूस चव मला बिअरमध्ये हवी होती. पहिल्या खेपेला अर्धी बार्ली, अर्धी ज्वारी घेतली. बार्लीला टरफल असतं, त्याचाच थर गाळणीचं काम करतो. ज्वारीला तसं टरफल नाही. मॅश टनमध्ये, म्हणजे मॅशच्या भांड्यात, खळ झाली, नळातून थेंब पडेना, आणि आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत फावड्याने ती उपसत होतो. शिवाय ज्वारीचं पीठ फुगायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, 66 अंशांना ती कच्चीच राहिली. उत्तर आजीच्याच पातेल्यात होतं. ती आधी पीठ शिजवायची. आता आम्ही ज्वारी वेगळ्या भांड्यात घाट्यासारखी शिजवतो, मग बार्लीच्या मॅशमध्ये मिसळतो. प्रमाण चौथा हिस्सा, सोबत भाताचा थोडा तूस. आठव्या प्रयत्नाला जमली. ही बिअर फक्त फेब्रुवारी ते जून करतो.

आणि आठ नळांचे चार झाले. त्याचं कारण एक फेकलेला घाणा. पहिल्या वर्धापनदिनासाठी केलेली पाचशे लिटर गव्हाची बिअर पाचव्या दिवशी आंबट लागली. आंबट बिअर मुद्दामही करतात, पण ही तशी नव्हती, मागून दुधाळ, लोणीसारखी चव येत होती. दोन दिवसांनी कारण सापडलं. रस थंड करणाऱ्या यंत्राच्या एका रबरी गॅस्केटच्या खाचेत जिवाणूंचा थर जमला होता. आठ प्रकार सांभाळण्याच्या धावपळीत ते यंत्र पूर्ण उघडून धुवायचं राहिलं होतं, आणि त्या पाळीची प्रमुख मीच होते. भागीदार म्हणाली, "फळांचा रस घालून 'आंबट स्पेशल' म्हणून विकू या का?" पैशाचा प्रश्न होता, तिचं विचारणं चूक नव्हतं. मी नाही म्हटलं. बिअर सरळ गटारात सोडता येत नाही, पाण्यातला प्राणवायू ती खाऊन टाकते. म्हणून सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीत नऊ दिवस थोडी थोडी सोडली. नऊ दिवस तो वास जागेत होता. आता गुरुवार हा फक्त यंत्रं उघडून धुण्याचा दिवस आहे, त्या दिवशी काहीही शिजत नाही.

बेटा, मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या डोळ्यांदेखत दारूने दोन घरं बसली. मराठी घरातली शिकलेली मुलगी हे का करते? (एक वाचक, देवास)

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझा मामा दारूनेच गेला, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात तुमच्या आधी विचारला गेलाय. आई सहा महिने ब्रुअरीत आली नव्हती.

बिअर आरोग्याला चांगली असं मी कधी म्हणणार नाही. दारूचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, आणि ते वाक्य मराठीत आणि हिंदीत आमच्या भिंतीवर लावलेलं आहे. त्याखाली लिहिलंय की आमच्या एका 330 मिलिच्या ग्लासात सुमारे 12 ग्रॅम अल्कोहोल असतं. आमच्याकडे पिचर नाही, 'एकावर एक' नाही, पाच टक्क्यांच्या वर काही नाही. एकवीस वर्षांखालच्या कुणाला देत नाही, ओळखपत्र बघतो, आमदाराचा भाचा असला तरी. तिसऱ्या ग्लासानंतर बिअर वाढणारा मुलगा आधी 'काही खाणार का' असं विचारतो. याने धंदा कमी होतो, हे आम्ही पहिल्या दिवसापासून धरून चाललो.

मी हे करते कारण धान्यातून, पाण्यातून, एका जिवंत विरजणातून काहीतरी नेमकं घडवण्याचं काम मला मनापासून आवडतं. तेवढ्याने तुमचं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे. आई आता येते, चहा पिते, आणि पिणाऱ्यांकडे लक्ष ठेवून बसते.

आम्ही बडोद्याला असतो. घरी आल्याचं विरजण लावून जिंजर बिअर करायची आहे, प्रमाण कळवाल का? (वाचक, दांडिया बाजार, बडोदा)

नाही कळवणार, रागावू नका. यीस्ट आणि साखर एकत्र आली की अल्कोहोल होतंच, नाव काहीही असो, आणि गुजरातेत दारूबंदी आहे. आल्याचा पाक करून ठेवा, आयत्या वेळी लिंबू पिळून सोडा घाला. उन्हाळ्यात तेच छान लागतं.

ही छोट्या ब्रुअरींची कल्पना मुळात आली कुठून? (वाचक, राजेंद्र नगर, इंदूर)

थोडक्यात सांगते. 1965 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची अँकर ही बुडत चाललेली ब्रुअरी फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने विकत घ्यायला सुरुवात केली आणि ती उभी केली. 1976 मध्ये जॅक मॅकॉलिफने सोनोमाजवळ न्यू अल्बियन सुरू केली, बरीचशी भांडी जुन्या भंगारातली, दुग्धशाळेतली, एका घाण्याला जेमतेम 170 लिटर. आपल्याकडे पुण्यात 2009 मध्ये डूलाली आली.

मला मॅकॉलिफ सगळ्यात जवळचा वाटतो. बिअर उत्तम होती, लोक लांबून यायचे, तरी त्याची ब्रुअरी 1982 मध्ये बंद पडली. एवढ्याशा भांड्यातून खर्च निघेना आणि मोठं भांडं घ्यायला कुणी पैसे देईना. आमची पहिली योजना दोनशे लिटरची होती. त्याची गोष्ट वाचल्यावर आम्ही दोघींनी रात्रभर हिशेब केला, एक वर्ष थांबलो, आणखी पैसे जमवले आणि पाचशे लिटरचं भांडं घेतलं. दोनशेवर सुरुवात केली असती तर आज ही उत्तरं लिहायला मी नसते. आणि मेटॅगने वाचवलेली अँकर? ती 2017 मध्ये सप्पोरो या जपानी कंपनीने घेतली, 2023 मध्ये तिचं काम थांबलं. ती बातमी आली त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं.

ज्यांनी रेसिपी मागितली त्यांनाही इथेच सांगते. 1883 मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सनने शुद्ध यीस्ट वेगळं केलं. त्याचं गुपित न करता कार्ल्सबर्गने ते इतर ब्रुअरींना देऊन टाकलं. आमच्या चारही बिअरचं धान्य, तापमान, दिवस फळ्यावर लिहिलेले असतात. परवानाधारक कुणी यीस्ट मागितलं तर बरणी भरून देतो.

उरलेल्या धान्याचं काय करता? (वाचक, महू)

चोथा गवळ्याकडे जातो. हॉप्स पडायच्या आधीच तो निघतो, म्हणून गुरांना चालतो. मात्र मे महिन्यात सहा तासांत आंबतो, त्यामुळे गवळी दादा मॅशच्या दिवशी दारात हजर असतात. थोडा वाळवून आम्ही थालीपिठाच्या भाजणीत घालतो. कुत्र्यांना मात्र हॉप्स विषारी असतात, आमच्या गल्लीतली कुत्री जवळ येणार नाहीत अशी झाकणाची टाकी उरलेल्या हॉप्ससाठी केली आहे.

मी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला हे काम शिकायचंय. घरी अजून सांगितलेलं नाही. (विद्यार्थिनी, इंदूर)

आधी घरी सांग. लपवून शिकायचं हे काम नाही, आणि आई-बाबांना बघायला यायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये.

कामाचं म्हणशील तर पहिले सहा महिने तू धुशील. टाक्या, नळ्या, गॅस्केट, केग (बिअरचे पिंप). कॉस्टिक (धुण्याचा दाहक क्षार) हाताळायला शिकशील, फर्मेंटरमध्ये डोकं का घालायचं नाही ते शिकशील, कारण आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि तो दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या जिवंत आणि मेलेल्या पेशी मोजशील, ते तुला कॉलेजमुळे सोपं जाईल. एकवीस पूर्ण झाली नसतील तर चव घ्यायची नाही, रस गोड असतानाचा वास मात्र भरपूर घे.

मंगळवारी सकाळी सात वाजता मॅश लागतो. पायात बंद बूट घालून ये, टनजवळची जमीन ओली असते.