लिंगाच्या कडेला बारीक दाणे आहेत, हा गुप्तरोग असेल का?

तुम्ही लिहिलंय की लिंगाच्या बोंडाच्या कडेने बारीक पांढरट दाण्यांची रांग आहे, दुखत-खाजत नाही, वय २१, संबंध एकदाच आला. तुम्ही सांगता त्यावरून हे निरुपद्रवी वाटतं. तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच.

एकोणिसाव्या वर्षी मलाही असेच दाणे दिसले होते. विचारायला कुणी नव्हतं. मेडिकलमध्ये ‘चामखीळ आहे’ एवढंच पुटपुटलो आणि चामखीळ जाळायचं औषध घेऊन आलो. दाणे तसेच राहिले, कातडी मात्र सोलवटून निघाली. आठवडाभर चड्डीचा स्पर्शही सहन होईना. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, ही शरीराची ठेवण आहे. याला पर्ली पेनाइल पॅप्युल्स म्हणतात. एक ते तीन मिलिमीटरचे, सारख्याच आकाराचे दाणे कडेने एक-दोन ओळींत असतात. ते संसर्गाने येत नाहीत आणि कुणाला लागतही नाहीत. माझे आजही आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, बायकोला काही झालेलं नाही.

कातडी ताणल्यावर दिसणारे पिवळसर ठिपके म्हणजे तैलग्रंथी. त्या कित्येकांच्या ओठांवरही असतात. त्यांनाही घाबरू नका.

एचपीव्ही या विषाणूमुळे येणारी चामखीळ अशी रांगेत बसत नाही. ती कुठेही उगवते, लहान-मोठी असते, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खरबरीत होते आणि वाढत जाऊ शकते. दाण्याच्या मधोमध खळगा असेल तर मोलस्कम, म्हणजे त्वचेचा एक विषाणूसंसर्ग, असू शकतो. पाण्याने भरलेल्या फोडांचा पुंजका येऊन फुटला आणि आग होऊ लागली, तर जननेंद्रियाचा हर्पिस असू शकतो. रात्री खाज वाढते आणि बोटांच्या बेचक्यांतही खाजतं, तेव्हा बहुधा खरूज.

मला सगळ्यात भीती वाटते ती न दुखणाऱ्या जखमेची. सिफिलिस या गुप्तरोगाची जखम संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी येते, कधी दहा दिवसांनी तर कधी तीन महिन्यांनीही. बहुतेकदा एकच, कडेला टणक. तीन ते सहा आठवड्यांत ती आपोआप भरते, माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि रोग रक्तात तसाच राहतो. पुढे तळहातांवर, तळपायांवर चट्टे उठू शकतात. वेळेत कळलं तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो.

तुमचे दाणे नैसर्गिक निघाले तरी संबंध आला होता, म्हणून रक्ततपासणी करून घ्या. काही संसर्गांची बाहेर काहीच खूण दिसत नाही. जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. कुठे जायचं ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येईल. आणि जाण्याआधी कुठलंही मलम लावू नका, नाहीतर डॉक्टरांना मूळ खूण दिसणारच नाही.