वारी राहिली, मग चालायचं कुठं?

ज्येष्ठ लागला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक ठरावीक माणूस येऊन बसतो. चेहरा दरवर्षी वेगळा, तक्रार तीच. शेगावची, कौंडण्यपूरची पालखी वाटेला लागलेली असते, गावागावांतून दिंडीचं सामान टेम्पोत चढत असतं आणि याला यंदा जाता येणार नसतं. कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची शुगर पायाच्या जखमेवर आलेली, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस. श्रावणात नागद्वारवाले येतात. पचमढीच्या डोंगरातली ती वाट नागपंचमीच्या सुमारास थोडेच दिवस उघडी असते. चुकली की वर्ष गेलं. मधूनच एखादे निवृत्त मास्तर येतात. नर्मदा परिक्रमेची झोळी शिवून तयार आणि डॉक्टरांनी मान हलवलेली. शेवटी सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबतात: लांब जाता येत नाही, मग घराजवळ चालून काय होणार?

हे इतक्यांदा ऐकलंय की यंदा लिहूनच टाकते. सांगते ती गोष्ट नामदेवभाऊंची. नाव बदललंय, ओळखीच्या खुणाही.

साठीच्या आतले कास्तकार. सहा एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. सतरा वाऱ्या झालेल्या, सगळ्या पायदळ. शेगावहून पंढरपूर म्हणजे ७०० किलोमीटरच्या वर, महिनाभराची चाल. पेरणीच्या तोंडावर वावर मुलाच्या हवाली करून हा माणूस निघायचा. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी वहिनींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून भाऊ घरी.

गावच्या आशाताईंनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"मले काई झालं नाई म्याडम. फक्त झोप येत नाई, अन् कोनी बोललं का डोक्शात तिडीक जाते."

"कोण काय बोलतं?"

"सारेच. म्हनते, तुमी तं घरीच वारी करून राह्यले. पुंडलिकावानी सेवा करता, इठ्ठल इथंच येईन." थोडं थांबले. "पुंडलिकाले वारी माहीत नोती जी. वारी त्याच्या मागून सुरू झाली. ज्यानं सतरा डाव चालली, त्यानं काय करा?"

मी पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांच्या कामात दिलासा देणाऱ्यांना असं चोख उत्तर मी ऐकलं नव्हतं. आपण दिलासा देतो तो बरेचदा आपल्याच सोयीसाठी, समोरच्याचं दुःख लवकर मिटावं आणि आपल्याला चहाला मोकळं होता यावं म्हणून. 'तुमचं काही गेलंच नाही' असं कुणी म्हटलं की ज्याचं गेलंय त्याला ते एकट्यानं वागवावं लागतं. म्हणून पहिल्या भेटीत मी एवढंच म्हटलं, "गेली हो भाऊ, वारी गेली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल काढला.

त्यानंतर मी एक चूक केली. तीही सांगायला हवी, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मीही तोवर बऱ्याच जणांना देऊन बसले होते. मी हिशेब मांडला: रोज ४ किलोमीटर गावातच चाला, १७५ दिवसांत ७०० होतील, पोचलात पंढरपूरला. भाऊंना ते फार आवडलं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोजचा आकडा लिहू लागले. मला वाटलं, गाडी रुळावर आली.

दीड महिन्यानं आले ते काळवंडून. वहिनींचा ताप, सुनेचं माहेरी जाणं, वेचणीचे दिवस यांत ११ दिवस बुडाले होते. म्हणजे ४४ किलोमीटर. त्याला त्यांनी नाव दिलं होतं अनुशेष. (विदर्भातल्या माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही.) एका रात्री जेवण झाल्यावर अनुशेष भरून काढायला म्हणून ते फाट्यापर्यंत दोन फेऱ्या मारून आले. घरी येऊन पाहतात तर वहिनी पाण्यासाठी खाटेच्या दांडीवर वाटी आपटून आपटून थकलेल्या. मागच्या खोलीत सून टीव्हीच्या आवाजात.

"हिसाब तुमचाच होता म्याडम," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

माझी जडणघडण अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांच्या विचारांवर झालेली; 'पाहिजेच' असा हट्ट माणसाला छळतो, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे माणसाच्या बोलण्यातला 'झालंच पाहिजे' मला एरवी लांबून ऐकू येतो. इथं तो मीच त्यांच्या कॅलेंडरवर लिहून दिला होता. मग आमचं बोलणं त्या 'च'वर झालं. वारी व्हावी असं वाटणं वेगळं आणि व्हायलाच पाहिजे म्हणणं वेगळं; पहिलं प्रेम, दुसरं कर्ज. हे सांगताना मी स्वतःवर जरा खूश होते, कबूल करते. कास्तकाराला कर्जाचा दाखला पटणारच. भाऊंनी मान हलवली, घरी जाऊन दिनदर्शिकेवरचे आकडे खोडले आणि पुढच्या भेटीत म्हणाले, "कर्जमाफी झाली म्याडम. झोप काई नाई आली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की वारीत त्यांना नेमकं काय मिळत होतं हे मी विचारलंच नव्हतं. भक्ती, परंपरा, पुण्य, असं मीच धरून चालले होते. विचारलं, "सगळी वारी नको. एका दिवसातला एकच तास सांगा. कुठलाही."

त्यांनी पहाट निवडली.

"काकडा झाला का निंगतो. अंधार राह्यते. समोरच्याची पाठबी दिसत नाई, टाळ तेवढा आयकू येते. पायाले वाट ठाव राह्यते. दिवस निंगतवरी कोनी काई इचारत नाई."

"काय विचारत नाही?"

"काईच. नावबी नाई. थितं सारेच माउली. पानी पायजे का माउली, बाजूनं चाला माउली. मी नामदेव नाई, माहं वावर नाई, सोसायटी नाई."

"आणि गावात चालता तेव्हा?"

"गावात?" ते एकदम हसले. "पारापाशी पयला आवाज. नामदेवभाऊ, कुठं निंगाले? मंग, वहिनीचं कसं हाये. मंग, फवारनी झाली का. मंग सोसायटीवाला. फाट्यावर पोचतवरी पुरा गाव डोक्शात घेऊन जातो मी. थे चालनं होय का, तुमीच सांगा."

खोलीत आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. दारात पुढचा माणूस दोनदा डोकावून गेला.

मी अंतर मोजायला लावत होते आणि या माणसाची हरवलेली गोष्ट अंतर नव्हतीच. काही तास नाव उतरवून ठेवायची मुभा हरवली होती. सातशे किलोमीटर लांब गेलं की ती आपसूक मिळते, कारण तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. आपल्या गावात ती मिळत नाही, मागून घ्यावी लागते. त्यानंतर लांब न जाता येणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न विचारते: तिथं तुम्हाला काय करावं लागत नव्हतं? नागद्वारच्या एका पोरानं सांगितलं, मोबाईलला रेंज नसते. एका मास्तरणीबाई म्हणाल्या, स्वयंपाक काय करायचा ते ठरवावं लागत नाही. उत्तर आलं की घराजवळची वाट कशी आखायची ते त्यातूनच निघतं.

भाऊंची आखायला आम्हाला दोन भेटी लागल्या. आधी वेळ. "मले घंटाभर कोन सोडते?" म्हणत होते. मग कळलं की रोज सकाळी सून वहिनींची अंघोळ-कपडे करते तेव्हा त्यांना बाहेरच जावं लागतं आणि ते ओट्यावर बसून असतात. सहा ते सहा चाळीस. वेळ होतीच, ओट्यावर सांडत होती. काळजी घेणाऱ्या माणसांच्या दिवसात असे तुकडे जवळजवळ नेहमी सापडतात.

मग वाट. फाट्याचा डांबरी रस्ता बाद, कारण त्यावर पार, कृषी केंद्र आणि चहाची टपरी. घरामागून पांदण निघते ती नाल्यापर्यंत, तिथून धुऱ्याधुऱ्यानं गोठाणावर उतरायचं आणि घर. ही गोल वाट त्यांनीच शोधली. त्याच वाटेनं परत यायचं नाही हा हट्ट त्यांचा. "वापस फिरलो का घर दिसते, अन् घर दिसलं का कामं दिसते." मला हे कधी सुचलं नसतं. आता मी सगळ्यांना सांगते, वाट वर्तुळासारखी ठेवा, लहान का असेना. मोबाईल खिशात, पण उचलायचा तो फक्त सुनेचा.

राहिला तो प्रश्न. पांदणीतही माणसं भेटतातच. 'कुठं निंगाले?' याला आपल्याकडे उत्तर द्यावंच लागतं. वावरात, फाट्यावर, बाजाराला, काहीतरी. 'असंच' म्हटलं की संशय. मी सुचवलं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. भाऊंनी तोंड वाकडं केलं. "घरात एक बिमार हाये, आता मीबी होऊ का?"

पुढच्या भेटीत ते खुर्चीवर बसायच्या आधीच सांगू लागले. नाल्याजवळ निंबाची काडी चावत एक जण उभा होता. त्यानं विचारलं. आणि यांच्या तोंडून न ठरवता निघालं, "पंढरपूरले."

"मंग?"

"हासला थो. म्हने, वापस कदी? म्हनलं, चाळीस मिंटात."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चार-सहा दिवस पोरांनी चंद्रभागेचं पाणी आणायला सांगितलं, बुक्का मागितला. भाऊ म्हणाले, आणतो. मग एका सकाळी गोठाणापाशी बंडी जुंपणाऱ्या माणसानं बैल बाजूला घेतला आणि म्हणाला, "या, माउली."

हे सांगताना भाऊंचा आवाज बारीक झाला. "थट्टेनंच म्हनलं त्यानं. पन म्हनलं."

हे उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते येण्याइतकी जागा मी करून दिली, एवढं श्रेय मात्र मी घेते. त्या आठवड्यात ते तीन रात्री सलग झोपले. आणि याला मी घराजवळची वारी म्हणत नाही, तेही म्हणत नाहीत. एकदा मी चुकून म्हटलं तर म्हणाले, "वारी नाई ना जी. चालनं होय." गेलेलं गेलं म्हणायची सोय राहू दिली की माणूस उरलेलं हातात घेतो, असा माझा अनुभव आहे.

आता तुमच्यापैकी जे ओट्यावर बसून हे वाचताहेत त्यांच्यासाठी. शरीराच्या दृष्टीनं जवळचं चालणं कमी पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. रोज पंचवीस मिनिटं झपझप चाललात आणि एक दिवस बुडवलात तरी तेवढी होतात. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढं जातो आपल्याकडे, तेव्हा साडेसहाच्या आत घरी यावं. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीचा नाद सोडा; किलोभर गारा चपलेला घेऊन गुडघा वाचत नाही. त्या दिवसांत डांबरी रस्ता धरा, पण समोरून येणारी गाडी दिसेल त्या बाजूनं चाला. धुऱ्यावरून जाताना पायात बूट, हातात काठी, अंधार असेल तर बॅटरी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे किंवा टिपेश्वरच्या आजूबाजूला राहत असाल तर पहाटेचा अंधार वाघाचा, आपला नव्हे. उजाडल्यावर आणि दोघं-तिघं मिळून निघा. शुगर असणाऱ्यांनी इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी निघू नये आणि पायाच्या जखमेवर तर चालूच नये.

बायकांची गोष्ट वेगळी आणि ती नुसत्या सल्ल्यानं सुटत नाही. बाईमाणूस रिकाम्या हातानं गावाबाहेर चालताना दिसली की प्रश्न एक नसतो, दहा असतात. माझ्याकडे येणाऱ्या एका अंगणवाडी सेविकेनं यावर उपाय काढला. हातात दुधाची किटली घेऊन निघायची, रिकामी. किटलीला कुणी काही विचारत नाही. दोन वर्षं ती ती किटली फिरवतेय. गावाला आजवर कळलेलं नाही की तिच्या घरी पिशवीचं दूध येतं.

आणि चालूनही अंधार हटत नसेल, भूक मेली असेल, जगण्यात राम नाही असं वाटत असेल, तर हा चालण्याचा प्रश्न राहिलेला नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन लावा, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी कधी असते ते विचारा. भाऊंनाही काही महिने गोळी होतीच. ते लपवून नुसतं चालण्याला श्रेय दिलं तर लबाडी होईल.

यंदा गावची दिंडी निघाली तेव्हा भाऊ फाट्यापर्यंत तिच्यासोबत गेले, पताका पुढच्याच्या हातात दिली आणि पांदणीनं घरी आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि सुनेवर खेकसले. अशा दिवसांची तयारी आम्ही आधीच करून ठेवली होती, म्हणजे एवढंच की तो दिवस वाईट जाणार हे दोघांनी धरून ठेवलं होतं.

परवा आले ते वहिनींची औषधं न्यायला. सहज डोकावले. मी विचारलं, अजून नाल्याजवळ तो भेटतो का, कुठं निंगाले म्हणून?

"भेटते ना. पन आता कोनी इचारतच नाई जी," पिशवीची गाठ मारत ते म्हणाले. "एखांद्या दिवशी मलेच वाटते, इचारावं कोनी."