रशियातल्या झारला लेनिननेच गादीवरून खाली खेचलं ना?

नाही. झार गेला तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला होता, आणि बातमी त्याला वर्तमानपत्रांतून कळली.

1917 मध्ये दोन क्रांत्या झाल्या आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. पहिली मार्चमधली (जुन्या रशियन पंचांगाने फेब्रुवारी). तेव्हाची राजधानी पेट्रोग्राडमध्ये (आजचं सेंट पीटर्सबर्ग) पावासाठी रांगा लागत होत्या. 8 मार्चला, महिला दिनी, कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या, पाठोपाठ बाकीचे कामगार. चार दिवसांनी खरी कलाटणी मिळाली: आदल्या दिवशी जमावावर गोळ्या झाडणाऱ्या व्होलिन्स्की रेजिमेंटनेच बंड केलं. सैन्यच फिरल्यावर उरलं काय? 15 मार्चला प्स्कोव्ह इथे, रेल्वेच्या डब्यात बसून, झार दुसऱ्या निकोलसने राजत्यागावर सही केली. आजारी मुलाला वगळून गादी भाऊ मिखाईलला दिली, पण त्यानेही दुसऱ्याच दिवशी नकार दिला. 1613 पासूनचं रोमानोव्ह घराणं आठवडाभरात आटोपलं.

लेनिन परतला एप्रिलमध्ये. झारनंतर आलेल्या हंगामी सरकारने पहिलं महायुद्ध चालूच ठेवलं, जमिनीचा प्रश्न लोंबकळत ठेवला. माझ्या मते बोल्शेविकांचं, म्हणजे लेनिनच्या पक्षाचं, निम्मं काम तिथेच झालं. दुसरी क्रांती नोव्हेंबरमधली: त्यांनी उलथवलं ते केरेन्स्कीचं हेच हंगामी सरकार, झारचं नव्हे. लगेच झालेल्या संविधान सभेच्या निवडणुकीत त्यांना जेमतेम पाव मतं मिळाली, म्हणून जानेवारी 1918 मध्ये एकाच बैठकीनंतर त्यांनी ती सभाच गुंडाळली. पुढे यादवी युद्ध जिंकल्यावर त्यांची सत्ता पक्की झाली.

झारला सहकुटुंब गोळ्या घातल्या जुलै 1918 मध्ये, येकातेरिनबुर्गला. ते मात्र बोल्शेविकांचंच काम.