डेटाबेसच्या जगात पोस्टग्रेस, ओरॅकल, गॅलेरा यांच्या ‘क्लस्टर’मध्ये फरक काय? क्लस्टर म्हणजे रेप्लिकेशनच ना, डेटाची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवत राहणं?

नाही. शब्द एकच आहे, पण जो तो आपल्याला हवा तसा वापरतो. पोस्टग्रेसमध्ये एका सर्व्हरच्या ताब्यातल्या सगळ्या डेटाबेसना मिळून ‘डेटाबेस क्लस्टर’ म्हणतात, दुसरं मशीन नसलं तरी. ओरॅकल रॅकमध्ये (ओरॅकलचं क्लस्टर) मशीनं अनेक, स्टोरेज सगळ्यांचं एकच. गॅलेरात (मायएसक्यूएल, मारियाडीबीसाठीचं क्लस्टर) प्रत्येक नोडकडे, म्हणजे प्रत्येक मशीनकडे, पूर्ण प्रत असते आणि लिहिता कुठूनही येतं.

गॅलेराचं मी भोगलंय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात सिस्टीम सांभाळायचो. सॉफ्टवेअरवाल्याने दोन नोड बसवले, एक ऑफिसात, एक गोडाऊनमध्ये. मी म्हणालो, बहुमतासाठी तिसरं मत लागेल. आर्बिट्रेटर, म्हणजे नुसतं मत देणारा प्रोग्रॅम, डेटा ठेवत नाही, जुन्या पीसीवरही चालतो. उत्तर आलं, “दोन मशीनं आहेत की, अजून कशाला?”

गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात मधला स्विच गेला. दोनांपैकी एक म्हणजे बहुमत नाही, म्हणून दोन्ही नोड थांबले. स्क्रीनवर एरर १०४७, म्हणजे नोड काम घ्यायला तयार नाही. डिस्पॅच अडला म्हणून त्या सॉफ्टवेअरवाल्याने फोनवरून दोन्हीकडे बूटस्ट्रॅप मारायला लावलं, म्हणजे प्रत्येक नोडला ‘तूच क्लस्टर’ सांगून एकट्याने चालू करायला. मी नको म्हणत होतो. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे बिलं फाटत राहिली. स्विच बदलल्यावर पाहतो तर एकच बिल नंबर दोन पार्ट्यांच्या नावावर. असे कितीतरी. मी आणि दोन कारकून रात्रभर कार्बन कॉपीची चलनं जुळवत बसलो. निळी अक्षरं पुसट झालेली, टेबलभर टॉवेलचा रोवा. मीटिंगमध्ये ठरलं काय, तर “गॅलेरा बेकार आहे.” बेकार नव्हता. थांबला तेच बरोबर होतं, त्याला जबरदस्तीने चालू केलं ते चूक.

माझं मत: छोट्या धंद्याला क्लस्टर नकोच. एक प्रायमरी (जिथे लिहायचं ते मशीन), एक रेप्लिका (त्याची प्रत) आणि रिस्टोअर करून पाहिलेला बॅकअप. क्लस्टर म्हणजे बॅकअप नव्हे. व्हेअर (कुठल्या नोंदी ते सांगणारी अट) न लावता डिलीट मारलं तर ते सगळ्या नोडवर पोचतं. रेप्लिकेशन असिंक्रोनस असेल, म्हणजे प्रत पोचायची वाट न पाहता प्रायमरी पुढे जात असेल, तर प्रायमरी गेल्यावर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. तेवढंही चालणार नसेल, तर मात्र सिंक्रोनस पर्याय बघा.

आणि कोणी दोनच नोडचं गॅलेराचं कोटेशन दिलं, तर स्विच गेल्यावर काय होणार हे त्याच कागदावर लिहून घ्या, त्याच्या सहीनिशी.