समुद्रातले मासे मोजायचे शिक्षण घ्यायचे असेल तर गणित सोडावे का?

पत्राचा आशय: आम्ही सातपाटीचे. घरची दालदा जाळ्याची, म्हणजे मासे कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्याची, एक नौका आहे. ती यजमान आणि दीर चालवतात आणि मी पालघरच्या बाजारात मासळी विकते. मुलगी अकरावी विज्ञानात आहे. परदेशात वर्षाला अमुक टन मासे धरायचे, त्यापुढे नाही, असे ठरवून देतात आणि ते ठरवणारी शिकलेली माणसे असतात, असे तिने कुठेतरी वाचले. तेव्हापासून तिला तेच काम करायचे आहे. गणित अवघड जाते म्हणून ते सोडून फक्त जीवशास्त्र ठेवावे असे ती म्हणते. दीर म्हणतात, समुद्रातले मासे कोण मोजणार, आणि मोजलेच तर आपलीच मुलगी आपलीच नौका बंद करायला येईल. असे काम खरेच असते का? आपल्याकडे मिळते का? आणि गणित सोडू द्यावे का?

सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन प्रश्नांपैकी गणिताच्या प्रश्नाला मुदत आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. गणित सोडू देऊ नका. माशांवर प्रेम असलेली, जीवशास्त्रात उत्तम गुण मिळवणारी मुले या क्षेत्राकडे पुष्कळ येतात आणि त्यांतली बरीच जण पकड मर्यादा ठरवण्याच्या कामाजवळ पोहोचतच नाहीत. याचे कारण असे की पाण्यात किती मासे आहेत हे कोणालाच दिसत नाही. दिसते ते बंदरावर उतरलेल्या मालाचे वजन, त्यातल्या माशांची लांबी आणि तो माल आणायला किती नौका किती वेळ समुद्रात होत्या, एवढेच. त्यावरून न दिसणाऱ्या साठ्याचा अंदाज बांधायचा, त्या अंदाजात चूक किती असू शकते हेही सांगायचे, आणि मग पुढच्या वर्षी किती धरले तर साठा टिकेल याचे गणित मांडायचे, हे मूलतः संख्याशास्त्राचे काम आहे. या पेशातल्या माणसाचा दिवस नौकेवर थोडा आणि संगणकासमोर पुष्कळ जातो. मुलीला हे आजच स्पष्ट सांगितलेले बरे.

आता दिरांच्या पहिल्या शंकेकडे वळतो. समुद्रातले मासे मोजण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत खरोखरच झाला आणि त्याची हकीकत मुलीला सांगण्यासारखी आहे. मेक्सिकोच्या आखातात रेड स्नॅपर नावाचा मासा मिळतो. तो आपल्या तांबोशीच्या कुळातला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस त्याचा साठा फार खालावला होता. अमेरिकेत मासेमारीचा मूळ कायदा १९७६ चा आहे. २००६ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक व्यवस्थापित साठ्यासाठी वार्षिक पकड मर्यादा ठरवणे सक्तीचे झाले. ही मर्यादा तीन पायऱ्यांनी उतरते. ज्या पकडीपलीकडे साठ्याची झीज सुरू होते तो आकडा आधी शास्त्रज्ञ काढतात. अंदाजातली अनिश्चितता लक्षात घेऊन त्याहून कमी असा दुसरा आकडा ते सुचवतात. आणि प्रादेशिक परिषद प्रत्यक्ष मर्यादा ठरवते, जी दुसऱ्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. अशा आठ परिषदा आहेत. त्यांवर सरकारी अधिकारी असतात, तसेच व्यावसायिक मच्छीमार आणि हौशी गळकऱ्यांचे प्रतिनिधीही असतात. राजकारण परिषदेत चालते, पण शास्त्रज्ञांनी आखलेल्या रेषेच्या आत. त्या कायद्याचा सर्वांत शहाणा भाग हाच आहे, असे माझे मत आहे.

रेड स्नॅपरच्या वाटणीत व्यावसायिक नौकांना ५१ टक्के आणि हौशी गळकऱ्यांना ४९ टक्के असा हिशेब बराच काळ चालत आला. व्यावसायिक बाजू सांभाळणे त्यामानाने सोपे ठरले. पूर्वी मोसम उघडला की सगळ्या नौका एकदम सुटत, माल एकदम बाजारात येई आणि भाव पडे. २००७ पासून प्रत्येकाला ठरावीक वाटा मिळाला आणि ज्याने त्याने आपल्या सोयीने तो धरावा अशी व्यवस्था झाली. घरात नौका असलेल्यांना यातला फायदा वेगळा समजावून सांगायला नको.

खरी पंचाईत झाली ती हौशी गळकऱ्यांची. सुट्टीच्या दिवशी स्वतःची बोट काढून गळ टाकणाऱ्या असंख्य लोकांनी किती मासे नेले हे ना कोणत्या लिलावात कळते, ना कोणत्या सोसायटीच्या वहीत. त्यासाठी घरोघर प्रश्नावल्या पाठवाव्या लागतात, धक्क्यावर उभे राहून परतणाऱ्यांना विचारावे लागते आणि त्या थोड्या उत्तरांवरून सर्वांचा अंदाज काढावा लागतो. माणशी दिवसाला दोन मासे आणि किमान सोळा इंच लांबी असा नियम घातला, तरी साठा सावरू लागला तसा मासा मोठा आणि लवकर मिळू लागला. मर्यादा वजनात मोजली जात असल्यामुळे ती आणखी लवकर भरू लागली, त्यात किनाऱ्यावरच्या राज्यांनी आपापल्या पाण्यात मोसम लांबवले, आणि मासे वाढत असताना मोसम मात्र आखडत गेला. २०१७ मध्ये केंद्राच्या पाण्यात खासगी बोटींसाठी तो अवघा तीन दिवसांचा जाहीर झाला. ओरड झाली, सरकारने आणखी सुमारे चाळीस दिवस वाढवून दिले, आणि त्यामुळे साठा सावरायला काही वर्षे जास्त लागतील हेही मान्य केले. २०२० पासून खासगी गळकऱ्यांचे व्यवस्थापन बरेचसे त्या त्या राज्यांकडे गेले. मग प्रत्येक राज्याची मोजण्याची पद्धत वेगळी आणि एका राज्याचा आकडा दुसऱ्याच्या मापात कसा बसवायचा, हा नवा वाद उभा राहिला. हा वाद सोडवायला बसलेली माणसे संख्याशास्त्राचीच आहेत. नियमापेक्षा लहान म्हणून परत सोडलेला मासाही खोल पाण्यातून वर येताना दाबातल्या फरकाने फुगतो आणि पुष्कळदा मरतो, त्यामुळे न नेलेल्या माशांचाही हिशेब ठेवावा लागतो.

शेवटी गळकरी म्हणू लागले की तुमचे अंदाजच चुकीचे आहेत, समुद्र माशांनी भरला आहे. तिथल्या संसदेने पैसे दिले, विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी कॅमेरे, ध्वनिलहरी आणि खुणा लावून सोडलेले मासे यांच्या आधारे स्वतंत्र मोजणी केली, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या बाजूच्या आखातात सुमारे ११ कोटी रेड स्नॅपर असल्याचा अंदाज जाहीर झाला. तो आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ तिप्पट होता. मर्यादा मात्र तिप्पट झाली नाही, थोडीच वाढली, कारण यांतले पुष्कळ मासे जिथे सहसा कोणी गळ टाकत नाही अशा उघड्या सपाट तळावर विखुरलेले होते, आणि मासेमारीचा सगळा भार पडतो तो खडकांवर आणि बुडीत सांगाड्यांवर. दिरांना एवढेच सांगा की मासे मोजता येतात, पण आकडा हाती आल्यावरही किती धरायचे हा प्रश्न उरतोच. आपल्या मुलीला काम करायचे आहे ते नेमके तिथे.

मर्यादा वेळेवर खाली आणली नाही तर काय होते याचे उदाहरण कॅनडाचे आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाचा साठा कोसळल्याने २ जुलै १९९२ रोजी तिथली मासेमारीच बंद करावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. नौका शेवटी बंद झाल्याच, आणि त्या वर्षानुवर्षे बंद राहिल्या.

आपल्याकडे असे काम मिळते का? प्रामाणिक उत्तर असे की टनांत मोजलेली वार्षिक मर्यादा आपल्या किनाऱ्यावर लागू नाही, त्यामुळे अमेरिकेतली ती नोकरी जशीच्या तशी इथे नाही. आपण किती धरले यापेक्षा कसे, कधी आणि कोणत्या आकाराचे धरले यावर नियंत्रण ठेवतो. १ जून ते ३१ जुलै बंदी, नौकेमागे ओढायच्या ट्रॉल जाळ्याच्या खोळीला चौकोनी आस (जाळ्याचे छिद्र), माशांच्या थव्याला वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यावर निर्बंध, हे सारे १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली आणि त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीखाली चालते. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवले आणि त्याच वर्षी आपल्या पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. टनांची मर्यादा इथे लावणे अवघड का, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता: एका जागी रोवलेल्या पिशवीसारख्या एकाच डोल जाळ्यात बोंबील, जवळा, करंदी आणि पापलेटची पिल्ले एकत्र येतात, तेव्हा एका जातीची मर्यादा भरली म्हणून बाकीचे कसे थांबवायचे? शिवाय उष्ण समुद्रात ऋतूंचा फरक थोडा, त्यामुळे थंड प्रदेशातल्या माशाच्या कानातल्या खड्यावर जशी वर्षाची वलये स्पष्ट उमटतात तशी इथे सहज वाचता येत नाहीत, आणि वयाऐवजी लांबीवरून गणित करावे लागते.

असे असले तरी साठ्याचा अंदाज आपल्याकडेही काढला जातो आणि त्याची रीत मुलीला जवळून पाहता येईल. कोचीला मुख्यालय असलेल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेचे, म्हणजे सीएमएफआरआयचे, केंद्र मुंबईत आहे. या संस्थेचे निरीक्षक किनाऱ्यावरच्या निवडलेल्या बंदरांवर ठरल्या दिवशी जातात. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा अशी पाळी असते आणि मधल्या रात्री उतरलेल्या मालाची चौकशी करून नोंद होते. नौका पंधरापर्यंत असतील तर प्रत्येकीची पकड लिहितात. जास्त असतील तर ठरलेल्या रीतीने काही निवडतात. मग टोपलीतले मासे मोजपट्टीच्या फळीवर एकेक ठेवून त्यांची लांबी लिहिली जाते. हे काम कंटाळवाणे आहे हे मी लपवत नाही, पण देशातले सागरी मासळीचे आकडे यातूनच उभे राहतात. आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातून, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातून, दरवर्षी सुमारे ५३.१ लाख टन मासळी काढता येईल असा २०१८ चा अधिकृत अंदाज आहे आणि उद्या मर्यादा आल्याच तर त्या अशाच आकड्यांवर बेतल्या जातील. म्हणून माझे मत असे की या विषयाची माणसे आपल्याला आज लागतात त्याहून पुढच्या वीस वर्षांत जास्त लागतील.

शिक्षणाचा सरळ रस्ता बी.एफ.एससी. या मत्स्यशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीचा आहे. रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आपल्याला सोयीचे. नागपूर आणि लातूर जिल्ह्यातले उदगीर येथेही ही पदवी मिळते. प्रवेश सीईटीवरून होतो, पण कोणते विषय आणि किती गुण लागतात हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावे. पुढे एम.एफ.एससी.ला मत्स्य संसाधन व्यवस्थापन हा विषय घ्यावा. मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था या शिक्षणासाठी देशातल्या अग्रगण्य संस्थांपैकी आहे आणि ती सातपाटीपासून लांब नाही. पदवीला असताना मत्स्यपालनाकडे, म्हणजे तलाव आणि कोळंबीकडे, ओढा फार असतो, कारण नोकऱ्या तिथे पटकन मिळतात. त्यात वाईट काही नाही, पण मुलीचे ध्येय वेगळे असेल तर तिने सुरुवातीपासून संख्याशास्त्राचे पेपर मनापासून करावेत आणि आर ही मोफत संगणकभाषा शिकावी.

दुसरा रस्ता थोडे जण घेतात आणि मला तो कमी प्रतीचा वाटत नाही: बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घ्यायचे आणि नंतर माशांच्या साठ्यांवर संशोधन करायचे. गणित सोडले तर हा रस्ता आजच बंद होतो. ठेवले तर दोन्ही उघडे राहतात. गणित तिला अवघड जाते असे आपण लिहिता. तिला कलन (कॅल्क्युलस) अवघड जाते की शिकवणी नीट नाही, हे आधी पाहा. या कामाला प्रथम क्रमांकाचे गणित लागत नाही, पण आकड्यांची भीती चालत नाही.

शिक्षणानंतर सीएमएफआरआयसारख्या संस्थेत शास्त्रज्ञ व्हायचे असेल तर कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची परीक्षा आहे, मुंबईत मुख्यालय असलेले भारतीय मत्स्य सर्वेक्षण आहे, आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातली अधिकारीपदे आहेत. विभागातल्या नोकरीत नियम अमलात आणावे लागतात आणि बंदरावर वाद घालावे लागतात. संशोधनाच्या नोकरीत ते कमी. परदेशी नोकरीचे स्वप्न आताच दाखवू नका, कारण अमेरिकेतल्या सरकारी पदांना सहसा तिथले नागरिकत्व लागते. शिक्षणासाठी मात्र बाहेर जाता येते: सिअॅटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ या विषयासाठी नावाजलेले आहे, आणि विकसनशील देशांत मत्स्यव्यवसायात आधीच काम करणाऱ्यांसाठी आइसलँडमध्ये १९९८ पासून सहा महिन्यांचा अभ्यासक्रम चालतो.

दिरांच्या दुसऱ्या शंकेबद्दल, म्हणजे घरचीच मुलगी घरची नौका बंद करील याबद्दल, थोडे मोकळेपणाने लिहितो. मासेमारीचे नियम आज मच्छीमारांना बाहेरून लादल्यासारखे वाटतात, कारण ते ठरवणाऱ्यांत बंदरावर वाढलेली माणसे फार थोडी आहेत. दालदावाला आणि डोलवाला यांच्या हद्दीचा वाद काय असतो, किंवा नारळी पौर्णिमेआधी जाळे पाण्यात टाकायचे नाही ही रीत आजोबांनी का पाळली, हे मुलीला घरात कळलेले आहे. मुंबईत वाढलेल्या तिच्या वर्गमित्राला ते वाचून समजावे लागेल. दिरांनी तिला विरोध करण्याऐवजी दर खेपेला किती तास जाळे पाण्यात होते, कुठे टाकले आणि किती पापलेट आले हे सांगत जावे आणि तिने ते तारीखवार लिहीत जावे. पुढे शिक्षणात कोणी तिला मासेमारीच्या प्रयत्नामागे मिळणारी पकड म्हणजे काय असे विचारील, तेव्हा तिच्याकडे घरचाच तक्ता असेल.

विषय बदलण्याचा अर्ज भरण्यापूर्वी कॉलेजात गणिताच्या शिक्षकांना एकदा भेटा आणि मुलीला सोबत न्या. अर्ज भरला गेलाच असेल तर तो मागे घेण्याची मुदत कार्यालयात त्याच दिवशी विचारा. पुष्कळ ठिकाणी ती मिळते, पण लेखी अर्ज करावा लागतो.