डीलमध्ये वरचे साहेब घुसतात तेव्हा
अरे, डायरेक्टरने परस्पर कस्टमरला फोन करून डिस्काउंट कबूल केला म्हणून एवढा वैतागू नकोस, क्वार्टर (विक्रीची तिमाही) संपत आला की हे सगळीकडे होतं. बऱ्याचदा त्यांना डीलचं नक्की काय चाललंय तेच माहीत नसतं म्हणून ते हात घालतात. त्यामुळे मोठ्या डीलचं अपडेट त्यांनी विचारायच्या आधीच दे, चार ओळी पुरे, कुठे अडलंय, निर्णय कोण घेणार, किमतीवर काय बोलणं झालंय.

आणि साहेब मीटिंगला येणारच असतील तर त्यांना काम देऊन ठेव, म्हणजे कस्टमरच्या एमडीशी ओळख, सपोर्टची खात्री वगैरे, पण रेटचा विषय निघाला तर साहेबांनी तुझ्याकडे बोट दाखवून ‘ते हाच बघतोय’ एवढंच म्हणायचं हे आधीच ठरवून घे, नाहीतर कस्टमर पुढच्या वेळी तुला विचारणारच नाही, थेट वर फोन लावेल.

आता सूट दिलीच आहे तर फुकट सोडू नकोस, बदल्यात ॲडव्हान्स किंवा दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट माग, आणि ठरलेलं त्याच दिवशी मेलवर टाक, साहेब सीसीत. कस्टमरसमोर मात्र साहेबांना खोटं पाडायचं नाही, भांडण केबिनमध्ये.